हौगांगच्या घरातला राजदंड

मी लाटणं बोलतोय. हसू नका. तुमच्या घरातलं लाटणं पोळ्या लाटतं आणि नवरा-बायकोच्या विनोदांत उगाच बदनाम होतं. मी लाटणं तर आहेच, पण राजदंडही आहे. सिंगापूरच्या हौगांग भागात, एका एचडीबी, म्हणजे सरकारी गृहमंडळाच्या, इमारतीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी जी संसद भरते, ती मी टेबलावर असल्याशिवाय सुरू होत नाही. माझ्याशिवाय तिथे कुणी काही ठरवलं, तर त्या नुसत्या गप्पा.

हा मान मला कसा मिळाला आणि त्या संसदेत माझे मालक ज्ञानेश्वरराव यांच्यावर कसा प्रसंग आला, तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म सासवडचा. शैला नावाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि तिच्या वडिलांनी सुताराकडे शिसवी पलंग करायला टाकला. पलंगाचे पाय कातून झाल्यावर हातभर तुकडा उरला. लाकूड वाया गेलेलं त्या सुताराला बघवत नसे. त्यानं तोही तुकडा कातला, मधे किंचित फुगीर, टोकांकडे निमुळता, आणि दोन्ही बाजूंना छान मुठी ठेवल्या. पलंग पुढे ढेकूण लागून मोडीत गेला. मी अजून आहे, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो, तेवढा माफ करा.

शैलाताईंच्या हातात माझी उमेदीची वर्षं पुण्यात गेली. त्या भराभर लाटायच्या आणि सतत बोलत लाटायच्या. ज्ञानेश्वरराव वेधशाळेत नोकरीला होते. उद्या हवा कशी असेल ते साऱ्या गावाला सांगायचे, पण घरात साखरेचा डबा कुठे असतो ते त्यांना ठाऊक नसायचं. निवृत्त झाले तरी त्यांना साधा चहा करता येत नव्हता.

मग शैलाताई आजारी पडल्या. अन्नावरची वासनाच उडाली. डब्याच्या पोळ्या आल्या तशा परत जायला लागल्या. एके सकाळी त्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, हात धुवा. आज तुम्हाला पोळी शिकवते." ज्ञानेश्वररावांनी मला इतकं आवळून धरलं, की मी कुठे पळून जाणार होतो कोण जाणे. ती पहिली पोळी धड गोल नव्हती, धड भाजलेली नव्हती. शैलाताईंनी ती सबंध खाल्ली. त्यानंतर शेवटपर्यंत त्यांनी नवऱ्याच्याच हातची पोळी खाल्ली. मुलगा सुबोध तेव्हा सिंगापुरात होता. तो विमानानं पुण्याला पोचला, तेव्हा सगळं संपलेलं होतं.

काही महिन्यांनी सुबोध वडिलांना इकडे घेऊन आला. ज्ञानेश्वररावांनी बॅगेत आधी मला ठेवलं आणि मग कपडे. विमानतळावर यंत्रात माझी सावली बघून तिथल्या बाई विचारात पडल्या. "फॉर चपाती," ज्ञानेश्वरराव म्हणाले, आणि हवेत लाटून दाखवलं. बाई हसल्या आणि आम्हाला सोडलं.

इथली हवा मला फारशी मानवत नाही. सदा दमट. पण ज्ञानेश्वरराव मला तेलाचं बोट लावतात, म्हणून निभावतंय. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, एक परोटेवाला आहे, तो लाटण्याला हातसुद्धा न लावता पीठ हवेत फिरवून पातळ करतो, असं श्रिया एकदा कौतुकानं सांगत होती. मला त्या माणसाबद्दल काही बोलायचं नाही.

श्रिया म्हणजे सुबोधची मुलगी. सेकंडरी शाळेत आहे, मराठी समजते सगळी, उत्तरं मात्र तिच्या सिंगापुरी इंग्रजीत देते. सुबोध हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत आयटी मॅनेजर आहे. आणि सून ऋता विद्यापीठात संशोधन करते. देशाचा राष्ट्रपती आणि देशाची संसद एकमेकांना कसे आवरून धरतात, ते ‘चेक्स अँड बॅलन्सेस’, हा तिचा विषय. जेवणाच्या टेबलावर कोशिंबिरीच्या जोडीला हाच विषय असायचा.

"इथे राष्ट्रपती लोकांनी निवडून दिलेले असतात," एकदा ती सासऱ्यांना सांगत होती, "पण राज्य चालवतं सरकार, आणि सरकारला जाब विचारते संसद. राष्ट्रपतींकडे देशाच्या राखीव ठेवीची दुसरी किल्ली असते. सरकारला त्या ठेवीला हात लावायचा तर त्यांची संमती लागते. ते नाही म्हणू शकतात. पण त्यांचे सल्लागारही त्यांच्या बाजूला नसतील, तर दोन-तृतीयांश खासदार मिळून तो नकार बाजूला सारू शकतात."

"म्हणजे दोघांपैकी कुणालाच मोकाट सोडलेलं नाही," ज्ञानेश्वरराव म्हणाले.

"तेच तर, बाबा!"

तेवढ्यात श्रियानं ताट सरकवलं. वडिलांनी तिला शाळेच्या कॅम्पला जायला नाही म्हटलं होतं. "पप्पा डिसाइड्स एव्हरीथिंग. व्हेअर गॉट चेक? व्हेअर गॉट बॅलन्स? नॉट फेअर लाह!"

ऋता हसायला लागली, आणि त्या हसण्यातून आमची संसद जन्माला आली. सुबोध पंतप्रधान. श्रिया विरोधी पक्ष. ऋता सभापती. राष्ट्रपतिपद अर्थातच ज्ञानेश्वररावांकडे, कारण ते सगळ्यांत मोठे आणि कुठल्याच पक्षाचे नाहीत. संसद काहीही मंजूर करो, राष्ट्रपतींनी ‘संमत’ म्हटल्याशिवाय ते लागू व्हायचं नाही.

"आणि मला पटलं नाही तर?" ज्ञानेश्वररावांनी विचारलं.

"आपण भारताचा नियम घेऊ," ऋता म्हणाली. "राष्ट्रपतींनी विधेयक एकदा परत पाठवायचं, कारणं सांगून. संसदेनं पुन्हा विचार करायचा. पण पुन्हा मंजूर झालं, तर मात्र संमती द्यायलाच लागते."

"एकदाच?"

"एकदाच."

राहता राहिला राजदंड. हे सगळे एकदा इथल्या संसदेच्या प्रेक्षक गॅलरीत बसून आले होते. सोनेरी राजदंड सभागृहात आणून ठेवल्यावरच कामकाज सुरू होतं, हे श्रियाच्या मनात भरलं होतं. तिनं घरभर शोध घेतला. छत्री बघितली, झाडूचा दांडा बघितला आणि शेवटी मला उचललं. मी नॅपकिनवर आडवा झालो आणि माझ्या साक्षीनं श्रियाचा कॅम्प मंजूर झाला.

पहिल्या रविवारी राष्ट्रपतींचं अभिभाषण झालं. ते राष्ट्रपतींनी लिहायचं नसतं, सरकार लिहून देतं. सुबोधनं फोनवर लिहून दिलं आणि ज्ञानेश्वररावांनी चष्मा लावून गंभीरपणे वाचलं, "माझं सरकार येत्या महिन्यात नवा व्हॅक्यूम क्लीनर आणण्याचा विचार करत आहे." टाळ्या पडल्या. मग राष्ट्रपती सभागृहात बसत नाहीत म्हणून त्यांना स्वयंपाकघरात पाठवलं. तिथे कणीक भिजवलेली, तवा तयार, आणि लाटणं बाहेर संसदेत.

"अगं ऋता, तुमची संसद उठल्याशिवाय माझ्या पोळ्या होत नाहीत!" दर रविवारी आतून हाक यायची.

पुढे त्यांनीच श्रियाला सांगितलं, की महाराष्ट्राच्या विधानसभेत विरोधक चिडले की राजदंड पळवतात. झालं. पुढच्या रविवारी ती मला घेऊन बेडरूममध्ये पळाली आणि आतून कडी लावून बसली. माझ्या आयुष्यात एवढी धमाल कधी झाली नव्हती.

पण मला आतली गोष्टही दिसत होती. या घरात ज्ञानेश्वररावांना मान भरपूर होता. पहिला आंबा त्यांना, टीव्हीसमोरची खुर्ची त्यांना, सणाला सगळे त्यांच्या पाया पडायचे. विचारत मात्र त्यांना कुणी काही नव्हतं. सुट्टीत कुठे जायचं, भाजी कोणती आणायची, सगळं आधी ठरायचं आणि मग त्यांच्याकडे यायचं, की ते ‘संमत’ म्हणायचे. त्यांच्या खऱ्या अखत्यारीत एकच गोष्ट होती. पोळ्या.

आणि तीही जायची वेळ आली.

एका दुपारी पोळ्या झाल्यावर ते गॅस बंद करायला विसरले. तवा रिकामा तापत राहिला. ते खुर्चीत डुलकी घेत होते. श्रिया शाळेतून आली तेव्हा स्वयंपाकघर धुरानं भरलेलं आणि शेजारच्या लिम आंटी दार बडवत होत्या, "अंकल! अंकल! युअर किचन गॉट स्मोक!" श्रियानं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि मग आजोबांना हलवून उठवताना रडायला लागली. कुणाला काही इजा झाली नाही. माझ्या अंगाला मात्र दोन दिवस धुराचा वास येत होता.

त्या शनिवारी संध्याकाळी ज्ञानेश्वरराव पोळ्या लाटत होते. बाहेरच्या खोलीत तिघं दबक्या आवाजात बोलत होते. ज्ञानेश्वररावांनी एक्झॉस्ट पंखा बंद केला. मला वाटलं, त्याच्या आवाजाचा कंटाळा आला असेल. पण ते ऐकत होते.

"मी लिटिल इंडियातून तयार चपात्या आणत जाईन," सुबोध म्हणत होता. "बाबांनी गॅसजवळ जायचंच नाही. उद्या सांगून टाकू."

"त्यांना वाईट वाटेल रे," ऋता म्हणाली.

"वाटू दे. वाईट वाटलेलं परवडेल मला."

"सो... पास्ड?" श्रियानं हळूच विचारलं.

"पास्ड," सुबोध म्हणाला. ऋता काही बोलली नाही.

माझ्यावरचे हात थांबले. अर्धी लाटलेली पोळी पोळपाटावर तशीच राहिली. ज्ञानेश्वररावांनी आठवणीनं गॅस बंद केला, बटण पुन्हा एकदा चाचपून पाहिलं, आणि पिठानं माखलेला मी त्यांच्या हातात तसाच बाहेर गेलो. त्यांनी मला टेबलाच्या मध्यावर ठेवलं.

"ऋता," ते म्हणाले, "राजदंड माझ्या हातात होता. तुमची सभा भरलीच नव्हती."

ऋताचा चेहरा एवढासा झाला. ज्या बाईनं जन्मभर हाच अभ्यास केला, तिनंच राष्ट्रपतीच्या पाठीमागे त्याच्याबद्दलचा निर्णय होऊ दिला होता. "चुकलंच, बाबा," ती म्हणाली. "उद्या रीतसर सभा घेऊ."

रविवारी रीतसर सभा झाली. मला पुसून, तेल लावून, नव्या नॅपकिनवर ठेवलं होतं, पण मला काही गोड लागत नव्हतं. सुबोधनं विधेयक मांडलं. आजोबांनी यापुढे स्वयंपाक करायचा नाही. त्याच्या बाजूनं त्याचं मत पडलं, आणि श्रियाचंही.

"सॉरी आजोबा," ती स्वयंपाकघराकडे न बघता म्हणाली. "दॅट डे आय वॉज सो स्केअर्ड."

ज्ञानेश्वरराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. पाऊल मात्र त्यांनी सभागृहात टाकलं नाही.

"मी विधेयक परत पाठवतो," ते म्हणाले. "कारणं सांगायची असतात ना, ऋता? सांगतो. तव्याची चूक माझीच. ती मी नाकारत नाही. श्रिया घाबरली, त्याचं मला फार वाईट वाटतं. पण या घरात मी आलो तेव्हापासून तुम्ही मला नुसतं जपताय. मला खुर्ची दिलीत, पद दिलंत. दिवसातून एक गोष्ट अशी आहे, की जी मी केली नाही तर तुमचं अडेल. तीही काढून घेतलीत, तर मग मी इथे पाहुणा. पाहुण्यानं किती दिवस राहायचं, तुम्हीच सांगा."

मग सुबोध उठला, आणि त्याचा आवाज एकदम चढला. "बाबा, आई गेली तेव्हा मी विमानात होतो! मला तिच्याशी एक शब्द बोलता आला नाही. आता तुम्हाला काही झालं, आणि मी ऑफिसात मीटिंगमध्ये असलो, तर? तुम्ही पोळ्यांचं काय घेऊन बसलात? मला भीती वाटते. रोज वाटते."

एवढं बोलून तो खाली बसला आणि त्यानं तोंड ओंजळीत लपवलं. चाळीशी उलटलेला माणूस, पण मला तो अगदी लहान वाटला.

श्रिया बराच वेळ माझ्या मुठीवर बोट फिरवत बसली होती. मग म्हणाली, "अमेंडमेंट कॅन? आजोबा कॅन कुक. बट समवन मस्ट बी इन द किचन विथ हिम. ऑल्वेज."

ऋतानं सुबोधकडे पाहिलं. सुबोधनं डोळे पुसले आणि हात वर केला. दुरुस्तीसह विधेयक एकमतानं मंजूर झालं. पुन्हा परत पाठवायचा अधिकार राष्ट्रपतींना उरला नव्हता.

"संमत," ज्ञानेश्वरराव म्हणाले. श्रियानं जाऊन त्यांना मिठी मारली. सगळ्यांना वाटलं, छान झालं, तोडगा निघाला.

मला तसं वाटलं नाही. कारण ज्ञानेश्वररावांनी त्या दारात खरं कारण सांगितलंच नव्हतं. ते फक्त मला ठाऊक होतं.

पोळ्या लाटताना ते शैलाताईंशी बोलतात. पुण्यात बोलायचे, इथेही बोलतात. घरात कुणी नसलं की, किंवा पंख्याच्या आवाजात. "शैला, आज कणीक जरा घट्टच झाली." "शैला, श्रियाला गणितात चांगले मार्क मिळाले बरं का." कधी नुसतंच, "ही बघ, फुगली." शैलाताई गेल्या असं मी कितीदा मानायला बघितलं, पण या माणसाच्या हातात असताना मला ते मानताच येत नाही. दिवसभरात त्यांची तेवढीच भेट. आणि आता त्या भेटीच्या वेळी कुणीतरी कायम उभं राहणार होतं. ज्यांनी प्रेमानं हे ठरवलं, त्यांना तर कल्पनाही नव्हती, आणि ज्यांना सांगता आलं असतं, त्यांची जीभ रेटली नव्हती.

पहिली पाळी सुबोधनं स्वतः घेतली. फ्रिजला टेकून, हातात फोन घेऊन उभा राहिला. ज्ञानेश्वररावांनी गोळा केला, पिठी लावली, मला उचललं. ना शब्द, ना हुंकार. एक पोळी झाली, दुसरी झाली. इतक्या मुक्या पोळ्या मी जन्मात लाटल्या नव्हत्या. पोळ्या गोल होत होत्या, फुगत होत्या, पण तव्याकडे बघून कुणी काही म्हणत नव्हतं. मुठींवरचे त्यांचे तळवे मला गार लागत होते. वाटलं, हे असंच चालणार असेल, तर त्यापेक्षा त्या लिटिल इंडियाच्या चपात्या बऱ्या.

तिसरी पोळी पोळपाटाला चिकटायला लागली. आणि सवयीनं, अगदी नकळत, त्यांच्या तोंडून निघालं, "शैला, आज कणीक सैलच—"

ते थांबले. मीही पोळीवर तसाच थांबलो. सुबोधनं फोनमधून मान वर केली. ज्ञानेश्वरराव घाईघाईनं पिठीच्या डब्याकडे वळले. डबा समोरच होता, तरी शोधल्यासारखं करत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

सुबोधनं फोन खिशात टाकला. पुढे येऊन गॅस बारीक केला. पोळपाटावर वाकून त्या चिकटलेल्या पोळीकडे बघत राहिला. मग म्हणाला,

"सैल नाही झाली गं, आई. बाबांनी पिठीच कमी घेतलीये."

ज्ञानेश्वररावांनी पाठ फिरवलेली होती ती तशीच ठेवली. खांदे मात्र हलताना मला दिसले. मग ते हळूच वळले. पिठी घेतली, चिकटलेली कड सोडवली आणि म्हणाले, "बघितलंस का शैला, हा अगदी तुझ्यावर गेलाय. दुसऱ्याच्या चुका बरोबर दिसतात."

"आणि आई," सुबोध म्हणाला, "मला तुझ्याशी खूप बोलायचंय." वडिलांनी मला त्याच्या हातात दिलं. त्याचे दोन्ही हात माझ्या मुठींवर आले आणि वडिलांचे हात त्यावर. ती पोळी आम्ही चौघांनी मिळून लाटली, असं मी म्हणतो. तुम्ही मोजायला गेलात तर आम्ही कमी भरू, पण मी तिथे होतो.

आता माझ्या एका मुठीला बारीक चीर गेलीये. इथल्या हवेत मी किती टिकेन, सांगता येत नाही. तक्रार नाही. तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काम काढून घ्यायची वेळ आली, भीतीपोटी, प्रेमापोटी, कशाहीपोटी, तर आधी त्यांना बाजूला बसवून विचारा, की हे काम तुम्ही कुणासाठी करता. उत्तर लगेच मिळणार नाही. थोडं थांबा तिथेच.

चला, मला हाक आली. कणीक मुरलीये आणि आज सुबोध एकटा लाटणार आहे. आईला सांगायचं बरंच साठलंय त्याचं, तेव्हा पोळ्या व्हायला उशीर होईल.